एबीएस वाचणारा स्कॅनर : पावसाळ्याआधी घेतला, होळीपर्यंत वापरला

आमची डिझेल हॅचबॅक 2012 सालची, मुक्काम रत्नागिरी. खाऱ्या हवेत गाडीच्या पोटाखाली गंज लवकर धरतो, त्यामुळे एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागून राहिला तेव्हा नवल वाटलं नाही. राग आला तो गॅरेजमधल्या उत्तराचा. चाकाला हातही न लावता "मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल." मॉड्यूल म्हणजे एबीएस चालवणारा कंट्रोल बॉक्स. त्याच्या मानाने स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, फारच स्वस्त, म्हणून आधी तोच घेतला.

घेताना एकच पाहिलं, एबीएस वाचतो का. मोबाइलला ब्लूटूथने जोडायची स्वस्त डोंगल बहुधा इंजिनचे, 'पी'ने सुरू होणारे कोडच दाखवतात. ब्रेकचे कोड 'सी'चे, आणि त्यासाठी स्कॅनरमध्ये तुमच्या कंपनीच्या गाड्यांचा सपोर्ट लागतो. दुकानात आपल्याच गाडीला लावून बघा, मग पैसे द्या.

कोड आला क्लीनर साइडच्या (डावीकडच्या) मागच्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा. इथेच बरेच जण फसतात आणि थेट सेन्सर मागवतात. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कपलर, सगळंच आलं. मला या स्कॅनरची खरी किंमत कळली ती चारही चाकांचा वेग एकाच वेळी दिसायला लागल्यावर. सरळ, रिकाम्या रस्त्यावर ताशी 30 च्या आसपास गाडी धावत ठेवायची. चालवणारा एक आणि स्क्रीन बघणारा दुसरा, हे मात्र पक्कं. तीन चाकं जवळजवळ सारखा आकडा दाखवत होती, चौथं खड्डा आला की शून्यावर. खड्ड्यातच तुटतंय म्हणजे संशय वायरवर.

माझ्या गाडीत जुन्या पद्धतीचे दोन वायरींचे, आत कॉइल असलेले सेन्सर आहेत. ते मल्टिमीटरवर ओहममध्ये तपासता येतात. (आत कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या, हॉल पद्धतीच्या नव्या सेन्सरवर हा प्रयोग करू नका, त्यातून काही कळत नाही.) वायर स्थिर असताना रीडिंग हजार ओहमच्या पुढे, अगदी ठीक. क्लँपपाशी वायर हलवली की सर्किट उघडं, म्हणजे तुटलेलं. वरचं रबर शाबूत होतं, आतलं तांबं हिरवं पडून तुटलेलं. सेन्सर वायरसकट मिळतो, तो बदलला. जुना गंजून भोकात बसला होता. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, मग सुटला. कोड पुसून थोडं अंतर चालवल्यावर दिवा गेला. मॉड्यूलला काहीही झालेलं नव्हतं.

शेजाऱ्यांच्या गाडीचं दुखणं आणखी चकवणारं. दिवा नाही, कोड नाही, पण गाडी थांबता थांबता ब्रेक पेडल थरथरायचं. स्क्रीनवर दिसलं की ताशी दहाच्या खाली आल्यावर पुढचं एक चाक मध्येच गायब होतं. मॉड्यूलला वाटायचं चाक लॉक झालं, म्हणून ते ब्रेक सोडायचं. चाकाबरोबर फिरणाऱ्या, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो त्या दात्यांच्या रिंगला चीर गेली होती. नुसत्या कोडवर हे कधीच सापडलं नसतं.

ऐन पावसात आमचा दिवा एकदा परत लागला. या वेळी कोड कमी व्होल्टेजचा, दोष थकलेल्या बॅटरीचा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण ओल्या आंबा घाटात जोरात दाबले तर चाकं लॉक होऊ शकतात. सोबत लाल दिवाही लागला तर गाडी उभी करा, हँडब्रेक ओढलेला नाही ना आणि ब्रेक ऑइल किती आहे ते बघा, आणि तपासल्याशिवाय पुढे नेऊ नका.

उणिवाही आहेत. स्क्रीन उन्हात नीट दिसत नाही, केबल आखूड आहे, अपडेटला कॉम्प्युटर लागतो. एबीएसचा पंप चालवून ब्रेक ऑइलमधली हवा काढायची सोय माझ्या गाडीसाठी यात नाही. युनिटमध्ये हवा शिरली तर गॅरेजच गाठावं लागेल.