१८ टक्क्यांचं राखाडी कार्ड: कोआलाच्या झाडाखाली घेतलेली परीक्षा

बावीस डॉलर देऊन राखाडी प्लास्टिकचा तुकडा आणला, हे घरी सांगितलं तेव्हा मुलगी काही बोलली नाही, जावई हसले आणि नातीने तो उलटा-पालटा करून विचारलं, "आबा, ह्याच्यावर चित्र कुठाय?" चित्र नाहीच. नुसता राखाडी रंग. आणि तो बरोबर तेवढाच राखाडी असावा, याचेच पैसे.

मी सांगलीचा. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली. आता निवृत्त आहे आणि मुलीकडे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या जिलाँगला सहा महिन्यांसाठी आलोय. पक्षी-प्राण्यांची जलरंगातली चित्रं करतो. पूर्वी जागेवर बसून स्केच करायचो, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून फोटो काढून आणतो आणि घरी बसून रंगवतो. सगळी भानगड इथेच सुरू झाली.

आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात यू यांग्सच्या टेकड्यांत एका कोआलाचे तीन फोटो काढले, दहा मिनिटांत, एकाच झाडावर. घरी पडद्यावर पाहिले तर एकात तो निळसर, एकात दुधाच्या चहासारखा, तिसऱ्यात चक्क शेवाळलेला. प्राणी एक, कॅमेरा एक, रंग तीन. मी ब्रश धरून बसलो तो तसाच. लाल पोपट असता तर थोडं इकडे-तिकडे झालेलं खपलं असतं, लाल तो लालच दिसतो. राखाडीचं तसं नाही. त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे शेजारपाजारचा जो उजेड येईल त्याचा तो होतो. निलगिरीच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट, मोकळ्या आभाळाचा निळसर, संध्याकाळचा पिवळा. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून तो आपोआप काढून टाकणारी सोय, आपल्या परीने अंदाज करतो, आणि फ्रेममध्ये सगळीकडे पानंच असली की तो अंदाज हमखास चुकतो.

यावर औषध म्हणून हे कार्ड. मी घेतलेल्या संचात हाताच्या पंजाएवढी तीन कार्डं आहेत: राखाडी, पांढरं, काळं. एका कडीत ओवलेली, गळ्यात अडकवायला दोरी. राखाडी कार्ड त्याच्यावर पडलेल्या उजेडातला १८ टक्के परत पाठवतं. अठराच का, पन्नास का नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. आपल्या डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध जो रंग वाटतो, तो मोजमापात १८ टक्क्यांच्या आसपास येतो. डोळा सरळ पट्टीने मोजत नाही. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटरही समोर जे असेल ते अशाच मधल्या राखाडीचं आहे असं धरून चालतं. म्हणून बर्फ मळका येतो आणि कावळा पांढुरका. कार्डावर मीटर लावलं की एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, बरोबर बसतं, आणि कार्डाचा एक फोटो काढून ठेवला की घरी संगणकावर त्यावर टिचकी मारून सगळ्या फोटोंचा रंग जागेवर आणता येतो. फोटो मात्र रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलीत काढा. जेपेगमध्येही होतं, पण ओढाताण दिसते.

आधी मी सहा डॉलरचं एक मागवलं होतं. ते वाया गेलं. वर लॅमिनेशन, त्याची चकाकी. जरा तिरकं धरलं की आभाळ त्यात आरशासारखं दिसायचं. शिवाय या नव्या कार्डाशेजारी ठेवल्यावर कळलं की ते उघड निळसर होतं. म्हणजे त्यावर टिचकी मारली की प्रत्येक प्राणी पिवळा. मोजपट्टीच वाकडी असेल तर ती नसलेली बरी. महागड्या कार्डाचा पृष्ठभाग खरखरीत, मॅट आहे, बोटांचे ठसे पडतात पण ओल्या फडक्याने जातात. पाऊस झेलून झाला, रंगात फरक नाही.

खरी परीक्षा केनेट रिव्हरला. ग्रेट ओशन रोडने लॉर्नच्या पुढे गेलं की हे छोटं गाव लागतं, आणि तिथून डोंगरात चढणारा जो कच्चा रस्ता कोआलांसाठी प्रसिद्ध आहे त्याचं नाव ग्रे रिव्हर रोड. मी मनात म्हटलं, जागा बरोबर निवडली.

आणि पहिल्याच झाडाखाली कार्डाची मोठी उणीव कळली. कोआला बारा-पंधरा मीटर वर फांदीच्या बेचक्यात मुटकुळं करून झोपलेला, त्याच्यावर उघड्या आभाळाचा उजेड. मी खाली झुडपांच्या हिरव्या सावलीत. कार्ड माझ्या हातात, म्हणजे ते माझा उजेड मोजणार, त्याचा नाही. कार्ड प्राण्याच्याच उजेडात असायला हवं, एवढी एकच अट, आणि इथे नेमकी तीच पाळता येत नाही. कोआला दिवसातले अठरा-वीस तास झोपतो. तो खाली येईल म्हणून थांबायचं तर मुक्कामच टाकावा लागेल. खोक्यावरच्या सूचनांत याबद्दल अवाक्षर नाही. तिथे फक्त एक हसरी बाई कार्ड गालाजवळ धरून उभी आहे.

मग जुगाड केला. रस्त्यावर जिथे आभाळ मोकळं मिळत होतं तिथे जाऊन, प्राण्याचं तोंड ज्या दिशेला त्याच दिशेला कार्ड धरून फोटो घेतला आणि तो हिशेब वरच्या फोटोंना लावला. नव्वद टक्के काम होतं. एक्स्पोजरसाठी मात्र कार्डाच्या भरवशावर राहू नका. पाठीमागे पांढरं आभाळ असलं की मीटर घाबरतं आणि कोआलाची काळी सावली करून ठेवतं. दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवूनच घ्यावं लागलं. कोआलाची रचनाही आपल्या विरुद्धच: पार्श्वभागावर पांढुरके ठिपके, त्यामुळे खालून पाहताना तो झाडाच्या सालीत विरून जातो. मी दहा मिनिटं एका गाठीचे फोटो काढत होतो. नातीने सांगितलं, "आबा, ते लाकूड आहे."

दुपारी चारच्या सुमारास नशीब फळलं. एक नर झाडावरून उतरला आणि दुसऱ्या झाडाकडे रस्त्याच्या कडेने चालत निघाला. आम्ही बऱ्याच अंतरावर गाडीला टेकून उभे राहिलो, त्याच्या वाटेत गेलो नाही. तो गेल्यावर त्याच जागेवर, त्याच उजेडात नातीने कार्ड धरलं. या एका फोटोने बावीस डॉलर वसूल झाले.

घरी आकडे पाहिले. कार्डावर लाल, हिरवा, निळा तिन्ही सारखे आणले आणि मग कोआलाच्या पाठीवर कर्सर नेला. लाल जास्त, निळा कमी. म्हणजे हा बुवा निव्वळ राखाडी नाहीच, तो मातकट आहे, तपकिरीकडे झुकलेला. गडदपणात पाठ कार्डापेक्षा पाऊण स्टॉप खाली. छाती पांढरी, आणि तिच्या मधोमध नराच्या गंधग्रंथीचा तेलकट तपकिरी डाग, जो मी आधीच्या चित्रात मातीचा डाग समजून गाळला होता. व्हिक्टोरियातले कोआला अंगाने मोठे, दाट लोकरीचे आणि असे मातकट. उत्तरेला क्वीन्सलँडचे लहान, आखूड केसांचे आणि खरे चंदेरी राखाडी. 'राखेच्या रंगाचा' हे मात्र दोघांच्याही नावात आहे. शास्त्रीय नाव फॅस्कोलार्क्टोस सिनेरियस, आणि सिनेरियस म्हणजे राखेसारखा. यातलं सिनेरियस गोल्डफुस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये दिलेलं. आपल्या राखी बगळ्याच्या नावातही तीच राख आहे: आर्डिया सिनेरिया.

कार्ड नव्हतं तेव्हा चित्रकार काय करत होते? फर्डिनंड बाउअर हा ऑस्ट्रियन चित्रकार मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीच्या इन्व्हेस्टिगेटर जहाजावरून १८०१ मध्ये ऑस्ट्रेलियाकडे निघाला. जंगलात रंग लावत बसायला त्याला वेळ नव्हता. तो पेन्सिलने रेखाटन करायचा आणि प्रत्येक भागावर आकडा टाकायचा. एकेक छटेला एकेक क्रमांक, जवळजवळ हजारापर्यंत. लंडनला परतल्यावर वर्षानुवर्षं त्या आकड्यांवरून रंगवत बसला. त्याचा कोआला पाहिला की पटतं. आम्ही मुलांना बारा रंगांची पेटी देऊन रंगचक्र पाठ करून घेत होतो, आणि हा माणूस डोक्यात हजार घेऊन फिरत होता! पॅट्रिक साइम या स्कॉटिश चित्रकाराने वर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाच्या खनिज-रंगांवरून रंगनामावली छापली, तिच्या १८२१ च्या आवृत्तीत ११० रंग. प्रत्येकासाठी एक प्राणी, एक वनस्पती, एक खनिज यांतली जमतील तेवढी उदाहरणं. डार्विनने बीगल जहाजावर ती सोबत नेली होती. त्यात राखेच्या राखाडीपुढे लाकडाची ताजी राख लिहिली आहे. ही माझ्या मते आजच्या कार्डाची आजी.

उलट जॉन गोल्ड या इंग्रज निसर्गअभ्यासकाच्या 'मॅमल्स ऑफ ऑस्ट्रेलिया'तला (१८४५ ते १८६३) कोआला. शिळाछापाची ती चित्रं हाताने रंगवलेली, त्यामुळे दोन प्रतींत फरक असणारच. पण त्याची छापील प्रत मी एका दुकानातून घेतली ती हळदीच्या दुधात बुडवल्यासारखी आहे, आणि इंटरनेटवर तेच चित्र निळं मिळतं. ज्याने मूळ पानाचा फोटो काढला त्याने शेजारी असं एक कार्ड ठेवलं असतं, तर माझे पस्तीस डॉलर वाचले असते. दुकानाचं नाव सांगत नाही, त्यांनी प्रत बदलून द्यायची तयारी दाखवली होती. बदलून दुसरी पिवळीच मिळाली असती.

रंगवणाऱ्यांसाठी एक वेगळा उपयोग, जो खोक्यावर लिहिलेला नाही. मिसळलेल्या राखाडीचा फटकारा कागदावर वाळू द्यावा आणि हे कार्ड शेजारी ठेवावं. रंग कुठल्या बाजूला झुकलाय ते लगेच उघडं पडतं. काळ्यात पांढरा घालणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो की त्याने सिमेंट तयार होतं. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) घ्या. सिएना किंचित जास्त ठेवली की व्हिक्टोरियाचा कोआला, निळा जास्त ठेवला की पावसाळी आभाळातला राखी कोतवाल. डोळा रंगवताना बाहुली उभी चीर ठेवा. मी आधी गोल काढली होती आणि ते टेडी बेअर झालं होतं.

काळं आणि पांढरं कार्ड मी एकदाच वापरलं. पांढऱ्यावर टिचकी मारली तर ते बहुतेक वेळा जास्त उजेडाने जळलेलं निघतं. संचाऐवजी नुसतं राखाडी मिळालं तर तेच घ्यावं. फक्त मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांना पाठवणाऱ्यांनी तर काहीच घेऊ नये, उगीच गळ्यात ओझं. कृष्णेच्या घाटावर बगळ्यांमागे फिरणाऱ्यांना मात्र हे चालेल, कारण तिथे बगळा आणि आपण एकाच उन्हात असतो. मी परतल्यावर आधी तेच करणार आहे, आणि गावाकडच्या चुलीतली ताजी राखही कार्डाशेजारी ठेवून बघणार आहे. बाभळीची राख जवळजवळ पांढरी निघते आणि शेणीची काळपट. साइमसाहेबांनी कुठल्या लाकडाची म्हटलं होतं कोण जाणे.

माझ्या जुन्या सवयीने श्रेणी द्यायची तर बी. ए दिली असती, पण खोक्यावर झाडावरच्या प्राण्यांबद्दल एक ओळही नाही, आणि दोरी इतकी आखूड की कार्ड गळ्यातून न काढता पुढे धरताच येत नाही. मी ती कापून बुटाची नाडी बांधली आहे.