जुन्या बाजारातली ‘डेअर’: घ्या, पण दुसरी बाजू उन्हात धरून बघा

रविवारी जुन्या बाजारात ह्युमन लीग या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडची ‘डेअर’ मिळाली. व्हर्जिन कंपनीची, १९८१ची एलपी. काकांनी सातशे सांगितले, साडेचारशेला दिली. पांढऱ्या कव्हरवर बँडचा गायक फिल ओकी याचा लिपस्टिक लावलेला चेहरा आहे. काका त्याला कुठलीतरी हिरॉईन समजत होते, मीही काही बोललो नाही.

पहिली बाजू झकास वाजते. लिन ड्रम मशिनचा ठोका असा कोरडा, टणक येतो की शेजारच्या काकूंनी ‘सुतार आलाय का?’ विचारलं. श्रेय निर्माता मार्टिन रशंटचं. १९८०मध्ये वेअर आणि मार्श हे सिंथसायझर वाजवणारे शेफील्डचा हा बँड सोडून गेले आणि त्यांनी हेवन सेव्हनटीन हा नवा बँड काढला. उरला गाणारा ओकी आणि कार्यक्रमात पडद्यावर स्लाइड दाखवणारा राइट. दौरा तर तोंडावर! ओकीने डिस्कोत नाचणाऱ्या दोन शाळकरी पोरी, जोॲन आणि सुझन, सरळ बँडमध्ये घेतल्या. अख्खं जग म्हणालं असेल, संपले हे. वर्षभरात ही रेकॉर्ड आली.

दुसऱ्या बाजूला लेबलजवळ ओरखडा आहे, नेमका ‘डोन्ट यू वाँट मी’वर. ओकीला हे गाणं भरतीचं वाटायचं, म्हणून त्याने ते सगळ्यात शेवटी ढकललं. एलपीवर शेवटची जागा म्हणजे शिक्षाच. आतली फेरी लहान, तेवढ्याच वेळात सुई कमी अंतर कापते, ‘स’ आणि ‘श’ फाटतात. कंपनीने हट्टाने तेच सिंगल (सुट्या गाण्याची रेकॉर्ड) म्हणून काढलं आणि ते ब्रिटनमध्ये नाताळात पहिल्या नंबरवर गेलं, पुढच्या वर्षी अमेरिकेतही. गाणाऱ्याला स्वतःच्या गाण्याची पारख असतेच असं नाही.

त्याच खोक्यात ‘हिस्टेरिया’ही (१९८४) होती, पाचशेला. घेतली नाही. ती करताना रशंट मध्येच सोडून गेला आणि ते ऐकू येतं, ठोक्यातली धारच गेलीय. १९८६मध्ये ‘ह्युमन’ अमेरिकेत पहिलं आलं खरं, पण ते जॅम आणि लुईस या अमेरिकन निर्मात्यांच्या जोडीने लिहिलेलं, मिनिॲपोलिसला त्यांच्याच स्टुडिओत केलेलं. बँड आपल्याच रेकॉर्डवर पाहुण्यासारखा वाटतो.

‘डेअर’ला पाचपैकी चार. अर्धा ओरखड्याचा कापला, अर्धा काकांनी शर्टाच्या टोकाने चकती पुसली त्याचा. मऊ फडकं घरून न्या.