लसीका संस्थेची प्लास्टिक प्रतिकृती : दोन वर्षांच्या वापरानंतर

बारावीला ‘मानवी आरोग्य आणि रोग’ हे प्रकरण शिकवताना लसीका संस्था (पेशींभोवतीचा द्रव, म्हणजे लसीका, गोळा करून रक्तात परत नेणाऱ्या वाहिन्या आणि वाटेतल्या ग्रंथींचे जाळे) फळ्यावरच्या रेघांपलीकडे जात नाही, या अडचणीपायी दोन वर्षांपूर्वी सोलापुरात नवी पेठेतल्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून आम्ही तिची प्लास्टिकची प्रतिकृती घेतली. किंमत चार हजारांच्या आत होती. दीड फूट उंचीचे शरीर, त्यातून सुटी निघणारी प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, आणि छातीतली थायमस ग्रंथी, आणि लसीका ग्रंथीचा मुठीएवढा मोठा करून दाखवलेला उभा छेद, असा हा संच आहे. दुकानदाराने खोके समोर उघडून एकेक भाग मोजून दिला, हे नमूद करायला हवे.

संचाचे खरे मोल त्या छेदात आहे. खऱ्या ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारख्या असतात आणि शरीरात त्यांची संख्या सहाशेच्या आसपास भरते. इथे तो दाणा कापून उघडलेला दिसतो. फुगीर बाजूने आत येणाऱ्या चार-पाच लसीकावाहिन्या, खाचेतून बाहेर पडणारी एकच वाहिनी, कडेला बी-पेशींचे पिवळे पुंजके आणि त्यांच्या आतल्या अंगाला टी-पेशींचा निळा पट्टा (दोन्ही रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी), हे सारे रंगांमुळे चटकन ध्यानात येते.

गेल्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत अनवाणी चाललेला एक विद्यार्थी टाचेत काटा मोडून वर्गात आला, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या जांघेत दुखरी गाठ आली. छेद हातात घेऊन मी सांगत होतो की काट्यासोबत शिरलेल्या जिवाणूंशी पहिली झटापट टाचेतच भक्षक पेशी करतात. त्याच वेळी त्वचेतल्या काही पेशी जिवाणूंचे तुकडे उचलून लसीकेच्या प्रवाहाबरोबर जांघेतल्या ग्रंथीत पोहोचतात, तिथल्या असंख्य टी-पेशींपैकी ज्यांना तो तुकडा ओळखता येतो त्या जाग्या होतात, आणि त्यांच्या मदतीने बी-पेशी भराभर विभागून प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिने, तयार करण्याच्या कामाला लागतात. एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आमची आजी याला अवधाण म्हणते.” जखमेपायी येणाऱ्या अशा गाठीचा हा घरगुती शब्द पाठ्यपुस्तकात मला कधी आढळला नाही, परंतु त्या तासाला त्याने माझे निम्मे काम केले. पहिल्या वेळी पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि तोच जंतू पुन्हा आला तर त्याला लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशींमुळे ते काम दोन-चार दिवसांत उरकते, हे मग वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

शरीराच्या मुख्य प्रतिकृतीबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. उजव्या हाताच्या वाहिन्या तिच्यात थेट डावीकडच्या मोठ्या वक्षीय नलिकेला जोडल्या आहेत, जे साफ चूक आहे. उजवा हात आणि डोके-छातीची उजवी बाजू यांची लसीका वेगळ्या, आखूड नलिकेने उजव्या बाजूच्या शिरेत उतरते. उरलेल्या सर्व शरीराची तेवढी वक्षीय नलिकेत जाते. तो भाग मी ऑइल पेंटने हिरवा करून घेतला. सोबतच्या पुस्तिकेत बी-पेशीतला ‘बी’ अस्थिमज्जेच्या ‘बोन मॅरो’ या इंग्रजी नावावरून आल्याचे छापले आहे. माणसात या पेशी अस्थिमज्जेतच तयार होतात, त्यामुळे हा समज सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात ते अक्षर पक्ष्यांमधल्या ‘बर्सा’ या अवयवाचे आहे, जो काढून टाकलेल्या कोंबड्यांमध्ये प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत हे ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये दाखवले होते.

थायमसची चूक मात्र मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. शरीर प्रौढाचे आणि थायमस लहान मुलाला शोभेल एवढी मोठी, अशी ही विसंगती विद्यार्थ्यांनीच शोधून काढावी असे मला वाटते, कारण वयात आल्यानंतर ही ग्रंथी आक्रसत जाऊन तिची जागा चरबी घेते. 1961 मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांवर प्रयोग करून तिचे महत्त्व सिद्ध करेपर्यंत ती जवळजवळ निरुपयोगी मानली जात होती. आज आपल्याला माहीत आहे की टी-पेशींची परीक्षा तिथेच होते आणि स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या पेशी तिथेच बाद केल्या जातात.

प्लीहा बरोबर घडवली आहे. ती लसीका नव्हे तर रक्त गाळते, म्हणून तिच्यात येणारी लसीकावाहिनी दाखवलेली नाही. तिचे चुंबक मात्र इतके कमजोर होते की प्रतिकृती उचलली की प्लीहा खाली पडे. दुकानाने ते विनामूल्य बदलून दिले. नावांच्या चिठ्ठ्या सोलापूरच्या पहिल्याच मे महिन्यात सुटल्या, तेव्हा त्या आधीच पारदर्शक टेपने चिकटवून घ्याव्यात.

नुसता छेद मागवला तर तो निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, हे मला नंतर कळले. ज्यांच्याकडे शरीराचा बरा तक्ता आधीच आहे, त्यांनी तेवढाच घ्यावा.