माळ्यावरची गंजलेली बंदूक: सँडपेपर की तेल?

गावच्या घरी माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक निघाली आणि काका लगेच सँडपेपर अन् व्हिनेगर घेऊन बसले, म्हटलं काका थांबा जरा, आधी ती भरलेली नाही ना ते तर बघू. नळीत काठी घालायची, तोंडापाशी तिच्यावर खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची, कानाच्या (म्हणजे मागे बार पेटवायच्या भोकाच्या) बऱ्याच अलीकडे तिचं टोक येत असेल तर आत काहीतरी आहे, हात न लावता पोलिसांना फोन. लायसन्सचंही तिथेच विचारा, १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आहे.

सँडपेपरने तासाभरात चकाचक होते, मान्य, पण गंजासोबत खुणाही जातात आणि ओळख त्यातच असते. आमच्या लॉकप्लेटवर (घोडा बसवलेली बाजूची लोखंडी पट्टी) मुकुट धरलेला पिटुकला सिंह निघाला, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा १८०८ नंतरचा मार्क! व्हिनेगर तर चांगलं लोखंडही खातं.

तेलाचं काम कंटाळवाणं, दोन दिवस मुरू द्या, पितळी ब्रशने हलकं घासा, पुसा, परत तेल, आमचे तीन रविवार गेले, पण लाल गंज निघतो अन् जुना तपकिरी रंग राहतो. फक्त लाकडावर तेल गळू देऊ नका. आणि ती चालती करायच्या भानगडीत तर पडूच नका.