टीटीला मोठे ब्रेक: नागपुरात अकरा महिने वापरल्यानंतर

माझ्या ऑडी टीटीच्या पुढच्या चाकांना ३४५ मिलिमीटरच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकड्या) आणि चार पिस्टनांचे कॅलिपर (पिस्टनांनी पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसवून आता अकरा महिने झाले असून, या काळात गाडी सुमारे ९,५०० किलोमीटर चालली आहे. त्यात शहरातली रोजची ये-जा आहे, समृद्धी महामार्गावरचे प्रवास आहेत, चिखलदऱ्याचा घाट चार वेळा उतरणे आहे आणि कोईमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर घालवलेले दोन दिवस आहेत. भेटणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘आता गाडी किती लवकर थांबते?’ हाच असतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. एकदाच जोरात ब्रेक मारायचा असेल, तर गाडी जवळपास पूर्वीइतक्याच अंतरात थांबते. मूळ ब्रेकही चाके एबीएसच्या (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) हद्दीपर्यंत नेतच होते आणि त्यापुढचे सारे टायरच्या पकडीवर असते. फरक पडतो तो दहाव्या ब्रेकला.

मोठी डिस्क हे मुळात उष्णतेचे भांडे आहे. चालकासह १,५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते आणि वेग १४० असेल तर हा आकडा जवळपास दुप्पट होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना सोसावा लागतो. ती उष्णता हवेत जाण्याआधीच पुन्हा ब्रेक लागला की तापमान चढत जाते.

मूळ ब्रेकवर कारीला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या प्रकारे अडचणीत आलो. पहिल्या वेळी पाचव्या फेरीत पेडल मऊ होऊन जवळजवळ तळाला गेले. ब्रेक ऑइल तीन वर्षांचे जुने होते, त्याने पावसाळ्यांतली ओल शोषली होती आणि ते कॅलिपरमध्ये उकळून वाफ झाली होती. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असावा लागतो आणि ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, हे मला वाचून माहीत होते, तरी ऑइल बदलायला वेळ काढला नव्हता. ऑइल आणि पॅड बदलून पुन्हा गेलो, तेव्हा पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिले, पण आठव्या फेरीनंतर कितीही दाबले तरी गाडी ओढून धरत नव्हती. परतल्यावर डिस्क निळसर पडलेल्या आणि त्यांवर केसांएवढ्या बारीक चिरा दिसल्या. पेडल आत जाणे हा ऑइलचा दोष असतो आणि पेडल घट्ट असूनही पकड न येणे हा तापलेल्या पॅडचा. हे दोन ओळखायला शिकलो तेव्हाच मोठ्या डिस्कवर पैसे घालायचे ठरवले. ज्यांना फक्त पहिला त्रास होतो आहे, त्यांनी ऑइल बदलून, व्यवस्थित एअर (नळ्यांत अडकलेली हवा) काढून आधी पाहावे.

निवडीत सर्वाधिक वेळ पिस्टनांच्या मापात गेला आणि तो गेला याचे मला समाधान आहे. माझ्या मूळ कॅलिपरला ५४ मिलिमीटरचा एकच पिस्टन होता, म्हणजे सुमारे २,२९० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये तुलनेसाठी एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे असतात. मला आधी सुचवलेल्या सहा पिस्टनांच्या संचात हे क्षेत्रफळ बरेच जास्त भरत होते. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग) तोच ठेवून तो बसवला असता, तर पेडलचा प्रवास वाढला असता आणि मोठ्या डिस्कमुळे आधीच वाढणारा पुढच्या चाकांचा जोर आणखी वाढून पुढची चाके लवकर एबीएसमध्ये गेली असती, मागची मात्र अर्धी रिकामी राहिली असती. असे ब्रेक दिसायला भव्य असतात आणि गाडी थांबवायला मूळ ब्रेकपेक्षा जास्त अंतर घेऊ शकतात. शेवटी ३६ आणि ४० मिलिमीटरच्या पिस्टनांचा संच घेतला, ज्याचे क्षेत्रफळ सुमारे २,२७५ येते. पेडल पायाला ओळखीचे राहिले आणि पुढचा जोर फक्त डिस्कच्या त्रिज्येमुळे दहा-बारा टक्क्यांनी वाढला, तेवढे संतुलन गाडीने सहज सांभाळले.

दुसरी अट धुळीची होती. शर्यतीसाठीच्या अनेक कॅलिपरना पिस्टनभोवती धूळ अडवणारे रबर नसते, कारण ते दर काही शर्यतींनंतर उघडून साफ केले जातात. सिमेंट रस्त्यांची कामे सुरू असलेल्या आपल्या शहरात असा कॅलिपर रोज चालवणे मला पटले नाही. डिस्कही भोकांची न घेता खाचांची घेतली, कारण चिरा बहुतेक वेळा भोकांपासूनच सुरू होतात.

‘१८ इंची चाकात आरामात बसेल’ असे विक्रेत्याने सांगितले होते. मी त्याच्याकडून कॅलिपरचे मापाचे रेखाचित्र मागवून पुठ्ठ्यावर कापले आणि ते चाकात आतून फिरवून पाहिले, तेव्हा पुठ्ठ्याची कड प्रत्येक आऱ्याला घासत होती. पाच मिलिमीटरचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) आणि तेवढ्याने जास्त लांब बोल्ट आधीच मागवता आले, अन्यथा गाडी गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर आठवडाभर उभी राहिली असती.

बसवताना मात्र चूक झालीच. गॅरेजने डावी डिस्क उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली. तीन आठवड्यांनी चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरल्यावर तापमापक बंदुकीने मोजले तर ३१० अंश आले. हा आकडा मला जास्त वाटला, म्हणून घरी चाक काढून डिस्कच्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला. आतल्या वाकड्या पात्या केंद्राकडून कडेकडे जाताना फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेल्या हव्यात, म्हणजे त्या पंख्यासारखी हवा बाहेर फेकतात. माझ्या पुढे झुकलेल्या होत्या. मिस्त्री म्हणाला, “साहेब, रेघा पाहूनच लावल्या न.” वरच्या रेघा, म्हणजे खाचा, पाहून दिशा ठरत नाही, ती आतल्या पात्यांवरून ठरते. डिस्क अदलाबदल केल्यावर त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये उतरून २६० अंश आले. हिंगणा एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून डायल लावून डिस्कचे डोलणेही तपासून घेतले, ते नगण्य निघाले.

रोजच्या वापरात मला सर्वांत आवडली ती पेडलची स्पष्टता, आणि तिचे निम्मे श्रेय पोलादी जाळीच्या होजना (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळ्यांना) आहे, कारण रबरी होज दाबाखाली किंचित फुगते. काटोल रोडवर एका संध्याकाळी संत्र्याच्या बागेतून रोही (नीलगाय) थेट गाडीपुढे आला, तेव्हा एबीएस सुरू होण्याच्या अगदी अलीकडे पाय धरून ठेवता आला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना ब्रेकमध्ये काहीही वेगळे जाणवले नाही. जानेवारीच्या सकाळी मात्र पॅड थंड असेपर्यंत पहिल्या दोन-तीन चौकांत मोठ्याने किंचाळतात. पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्क तांबूस होतात, तो गंज पहिल्या किलोमीटरभरात निघून जातो. कारीवर या वेळी सलग बारा फेऱ्या मारल्या आणि शेवटच्या वळणावरही पहिल्याच खुणेपाशी ब्रेक मारता आला.

ॲल्युमिनियमचा कॅलिपर आणि मध्यभाग ॲल्युमिनियमचा असलेली डिस्क, यांमुळे धान्याच्या काट्यावर नवी जोडणी एका बाजूला किलोभराने हलकीच भरली. उणीव स्टेपनीची आहे: माझी बारीक स्टेपनी आता पुढे बसत नाही. पुढचे चाक पंक्चर झाले तर मागचे चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावावी लागते, आणि समृद्धीच्या कडेला हे करणे धोक्याचे आहे, म्हणून पंक्चरचा संच आणि छोटा पंप गाडीत ठेवतो. विमा कंपनीला बदलाची लेखी सूचना दिली आहे.

स्पेसर, होज, पॅड आणि मजुरी धरून सव्वातीन लाख रुपये लागले. ज्यांची गाडी धरमपेठ ते वर्धा रोड एवढीच फिरते, त्यांनी ही रक्कम चांगल्या टायरांवर खर्च करावी, असे मी मनापासून सांगतो. माझे पॅड १२ मिलिमीटरवरून साडेआठवर आले आहेत. डिस्कची बाहेरची लोखंडी कडी वेगळी मिळते, पण ती परदेशातून यायला सहा आठवडे लागतात, म्हणून पुढच्या कारी दौऱ्याआधीच एक जोडी मागवून ठेवली आहे.