एकच जमात, पण पात्रं वेगळी: रंग बदलू की अंगकाठी?

एका कॉमिकसाठी मी शिंगवाल्या जमातीतली पाच पात्रं काढली, प्रत्येकाचा रंग वेगळा, म्हटलं झालं काम. मग सगळ्यांवर काळा फिल मारला, म्हणजे नुसती बाह्यरेषा उरेल असं आतलं सगळं काळ्याने भरलं, आणि बघतो तर काय, पाचही जण एका साच्यातून पाडलेले, कोण कुठला मलाच ओळखू येईना.

रंगाचा मार्ग सोपा आहे यात वाद नाही, एकच बेस काढायचा नि पॅलेट बदलत बसायचं. पटतोही, ब्लॅक पँथर म्हणजे काळा बिबट्या किंवा जॅग्वारच असतो ना. पण रात्रीचा सीन आला की सगळे निळेकाळे, शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही ते वाचक तर गेलेच. त्यापेक्षा पट्टे-ठिपके बरे, झेब्र्यांसारखे प्रत्येकाचे वेगळे. आणि रंगच वापरायचा तर त्याला काहीतरी कारण द्या. अमेरिकेत एक छोटा सरडा आहे, त्याच्या नरांचे गळे नारिंगी, निळे किंवा पिवळे असतात, नारिंगीवाला मोठी हद्द बळकावतो, निळा आपल्या मादीवर पहारा ठेवतो आणि पिवळा मादीसारखा वागून गुपचूप आत शिरतो. आता हे तर आयतं कथानकच झालं!

अंगकाठी बदलणं मात्र मेहनतीचं. ग्रेट डेन खांद्यापाशी 75 सेंमीच्या आसपास, चिवावा जेमतेम 20, तरी दोघं कुत्रेच, म्हणजे ताणायला भरपूर जागा आहे (हे माणसाने मुद्दाम निवडून घडवलंय ते सोडा). फायदा असा की लांबून, पाठमोरं, अंधारात कसंही पात्र ओळखू येतं. तोटा असा की अॅनिमेशन असेल तर प्रत्येक शरीराला नवीन रिग (पात्र हलवायचा आतला सांगाडा), आणि एकाचे कपडे दुसऱ्याला बसत नाहीत. दुसरी गडबड म्हणजे कान, शेपूट, नाक सगळंच बदललं की वाचक विचारतो ही वेगळी जमात आहे का. म्हणून मी दोन गोष्टींना हात लावत नाही, शिंगं भुवईच्या वरूनच निघणार आणि डोळ्याची बाहुली बकरीसारखी आडवीच राहणार, बाकी सगळं मोकळं.

कपडे-दागिने तिसरे, हुद्दा किंवा धंदा दाखवायला ठीक, पण पात्र वेषांतर करून पळालं की ओळख पण पळाली.

मग घ्यायचं काय? गेममध्ये गर्दी भरायची असेल तर रंग आणि पट्टे, उगाच जीव काढू नका. कॉमिक असेल, मुख्य पात्रं चार-पाचच, तर अंगकाठी, डोळे झाकून. वेळ अगदीच नसेल तर नुसत्या शिंगांवर खेळा, जंगली मेंढ्यांच्या नरांची शिंगं वयाबरोबर वळत जातात, टोकं झिजतात, तुटतात. माझ्या पाचातली म्हातारी मी तशीच सुधारली, डावं शिंग अर्ध्यात तुटलेलं, मान त्याच बाजूला किंचित कललेली, आता काळ्या फिलमध्येही ती पहिली सापडते.