जायंट्सचा सीझन टीव्हीवर बघावा की रेडिओवर ऐकावा?

मार्चअखेर सीझन तोंडावर आला की आमच्या बे एरियातल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी विचारतंच: सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल टीमच्या मागे लागायचं ठरवलंय, तर टीव्हीचं पॅकेज घेऊ की रेडिओवर भागेल? मी दोन्ही करून बघितलंय. २०१४ ते २०२१ असे आठ सीझन टीव्हीवर काढले आणि त्यानंतरचे बहुतेक रेडिओवर. खेळाचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, मॅचेस १६२ असतात. सहा महिने, जवळजवळ रोज. क्रिकेटच्या मोठ्या सामन्यासाठी आपण दिवस मोकळा ठेवतो, तसं इथे कुणालाच जमत नाही. घरच्या मैदानावरची संध्याकाळची मॅच पावणेसातला, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी. टीम पूर्वेला गेली की आपल्याकडे दुपारचे चार वाजलेले, तुम्ही ऑफिसात किंवा गाडीत. टीव्हीच्या काळात मी पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत बघितलेल्या मॅचेस आठवड्याला एखाद-दुसरीच असतील. बाकीच्यांचे हायलाइट्स. हायलाइट्समध्ये निकाल कळतो, पण सातव्या इनिंगमध्ये पिचर थकत चाललाय आणि बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर्सच्या सरावाच्या जागी, कोणीतरी उठून हात मोकळा करतोय, ही हुरहुर त्यात नसते.

तरी टीव्हीचं देणं मोठं आहे. जायंट्सचा पिचर लोगन वेब याचा सिंकर नावाचा चेंडू शेवटच्या क्षणी कसा खाली बसतो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय समजत नाही. टीव्हीवरची जोडी, माइक क्रुकोव आणि ड्वेन कायपर, दोघेही जायंट्सचे जुने खेळाडू. क्रुकोवने १९८६ मध्ये पिचर म्हणून २० मॅचेस जिंकल्या होत्या, कायपरच्या अख्ख्या कारकिर्दीत होमरन एकच. पिचरच्या डोक्यात काय चाललंय ते एक सांगतो आणि इनफिल्डरच्या पायांत काय चाललंय ते दुसरा. मला बेसबॉल कळायला लागला तो या दोघांमुळे. अगदी नवे असाल तर पहिलं वर्ष टीव्हीवरच काढा, असं मी मनापासून सांगेन.

पैसे भरण्याआधी एवढं तपासा की लीगच्या ज्या पॅकेजवर सगळ्या टीम्स दिसतात, त्यावर आपल्याच भागातल्या टीमची मॅच सहसा थेट दिसत नाही. जायंट्ससाठी स्थानिक वाहिनी मिळणारी सेवा लागते, आणि अधूनमधून एखादी मॅच तिसऱ्याच सेवेकडे गेलेली असते. रेडिओला ही भानगड नाही. स्टेशन एकच, केएनबीआर, ६८० एएम.

तिथे जॉन मिलर आहे. १९९७ पासून जायंट्सच्या मॅचेस सांगतोय. जायंट्सच्या घरच्या मैदानाची, ओरॅकल पार्कची, उजव्या बाजूची भिंत २४ फूट उंच आहे, कारण टीमचा जुना महान खेळाडू विली मेज याचा नंबर २४. तिच्या पलीकडे लगेच खाडीचं पाणी, त्याला मॅकोव्ही कोव्ह म्हणतात. चेंडू त्या बाजूला उडाला की तो भिंतीवर आदळणार की मॅकोव्ही कोव्हमध्ये पडणार, हे मिलरच्या आवाजाच्या चढावरून शब्दांच्या आधीच कळू लागतं. ज्यांनी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एवढं असूनही मी कदाचित टीव्हीच धरून बसलो असतो. पारडं फिरलं ते ३ ऑक्टोबर २०२१ ला. रविवार, सीझनचा शेवटचा दिवस. जायंट्सच्या खात्यात १०६ विजय, प्रतिस्पर्धी टीम डॉजर्स एकाने मागे. पाद्रेस टीमविरुद्धची ही मॅच जिंकली की डिव्हिजनचं, म्हणजे आपल्या गटाचं, विजेतेपद आपलं. वेब पिचिंग करत होता, आणि जायंट्स ज्यात खेळतात त्या नॅशनल लीगमध्ये पिचरने नेमाने बॅटिंग करण्याचं ते शेवटचं वर्ष. आमच्या हॉलमध्ये तीन कुटुंबं जमलेली, मॅच इंटरनेटवरून टीव्हीवर लावलेली. वेब बॅट घेऊन उभा राहतच होता, एवढ्यात शेजारच्या अंगणातून आरोळी आली. शेजारचे आजोबा पायरीवर रेडिओ घेऊन बसायचे. आम्ही एकमेकांकडे बघितलं. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर वेबने बॅट फिरवली आणि त्याच्या मेजर लीगमधल्या आयुष्यातला पहिला होमरन गेला. टाळ्या वाजवल्या आम्ही, पण तो क्षण भिंतीपलीकडे आधीच होऊन गेला होता. जायंट्स ११-४ ने जिंकले, १०७ विजय झाले, आणि माझ्या मनात मात्र ती आरोळी राहिली.

त्यानंतर उपाय करून बघितले. फोनवरची नोटिफिकेशन्स बंद केली, मित्रांचा ग्रुप म्यूट केला. टीव्हीचा आवाज बंद करून मिलरला लावावं म्हटलं, तर रेडिओ पुढे आणि चित्र मागे. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राला उशीर होणारच, त्यात कुणा एकाचा दोष नाही. पण बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मधली वाट बघणं हाच निम्मा खेळ आहे. ती वाट बघताना पुढचं आधीच झालेलं आहे आणि कुणाला तरी कळलेलं आहे, हे मला सहन होईना. दुसऱ्या कुणाला कदाचित चालेलही. आता शेजारून आरोळी येते तेव्हा माझीही त्याच वेळी निघालेली असते.

मात्र रेडिओ म्हणजे खरा रेडिओ. तेच प्रसारण फोनवरच्या ॲपवर ऐकलं तर तेही मागे पडतं. आणि रेडिओचं उणंही सांगायला हवं. २०२३ मध्ये पिच क्लॉक आलं, म्हणजे बेस रिकामे असताना पिचरला चेंडू टाकायला १५ सेकंद. मॅचेस आटोपशीर झाल्या, पण मिलरचे जुने किस्से आखडले, याची मला हळहळ वाटते. वादग्रस्त निर्णयाचा रिप्ले चालू असताना तर आंधळ्यासारखं वाटतं. शिवाय घरातली लहान मुलं रेडिओपाशी टिकत नाहीत. माझी मुलगी टिकली, मुलगा नाही.

ऑक्टोबरचं, म्हणजे सीझननंतरच्या प्लेऑफ सामन्यांचं, गणित आणखी निराळं. २०१४ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या मॅचमध्ये जायंट्सचा पिचर मॅडिसन बमगार्नर दोनच दिवसांच्या विश्रांतीवर येऊन पाच इनिंग्ज टाकून गेला, ते मी टीव्हीवर बघितलं आणि त्याचा चेहरा बघायला मिळाला याचं समाधान आहे. पण प्लेऑफमध्ये टीव्हीवर राष्ट्रीय वाहिनीचे समालोचक येतात, आपली जोडी बाजूला होते. रेडिओवर मात्र सहा महिने सोबत असलेला आवाजच शेवटपर्यंत राहतो.

तेव्हा संध्याकाळी दोन-तीन तास खरोखर मोकळे असतील, खेळातलं तंत्र बघायची हौस असेल, तर टीव्ही घ्या, पस्तावणार नाही. माझ्यासारखं कणीक मळताना, मुलांना क्लासला सोडताना, भांडी आवरताना टीमसोबत राहायचं असेल तर रेडिओकडे वळा. एएम नीट पकडणारा, बॅटरीवरही चालणारा साधा सेट पुरतो. खिडकीपाशी ठेवा, मायक्रोवेव्ह आणि एलईडी दिव्यांपासून लांब. मिक्सर सुरू झाला की खरखर होतेच, म्हणून चटणी आमच्याकडे पावणेसातच्या आत वाटून होते.